तक्त्यांचा वारसा की तक्त्यांची जोड?

प्रत्येक शाळेच्या कचेरीत एक जाडजूड जनरल रजिस्टर असते. मूल शाळेत दाखल झाले की त्याचे नाव, जन्मतारीख, पालकाचे नाव, पूर्वीची शाळा ही माहिती त्यात एका ओळीत लिहिली जाते आणि त्या ओळीला एक क्रमांक मिळतो. पुढे हेच मूल हजेरीपटात येते, शिष्यवृत्तीच्या यादीत येते, कदाचित वसतिगृहाच्या वहीतही येते. पण प्रत्येक ठिकाणी त्याची जन्मतारीख आपण पुन्हा लिहीत बसत नाही. रजिस्टर क्रमांक लिहिला की काम भागते. दाखला लिहायची वेळ आली म्हणजे कारकून त्या क्रमांकावरून मूळ ओळ काढतो आणि दोन वह्यांतली माहिती एकत्र करतो.

संगणकाच्या माहितीसाठ्यात, म्हणजे डेटाबेसमध्ये, नेमके हेच केले जाते. वहीच्या जागी तक्ता असतो, त्याला टेबल म्हणतात. तक्त्यात रकाने आणि ओळी असतात. क्रमांकावरून एका तक्त्यातली ओळ दुसऱ्या तक्त्यातल्या ओळीला लावणे म्हणजे जोड, अर्थात जॉइन. हे सगळे आपल्या इतके सरावाचे आहे की त्यात शिकवण्यासारखे काही आहे असे वाटत नाही. पण या साध्या रीतीला एक प्रतिस्पर्धी आहे. तो दिसायला अधिक देखणा आहे, आणि ज्या पाठातून तो पुष्कळ विद्यार्थ्यांना प्रथम भेटतो त्या पाठाविषयी माझी तक्रार आहे.

हा पाठ पोस्टग्रेसक्यूएल या डेटाबेस प्रणालीच्या अधिकृत पुस्तिकेत आहे. प्रणाली विनामूल्य मिळते आणि पुस्तिकाही. एकंदरीने पाहता ही पुस्तिका फार चांगली आहे. भाषा स्वच्छ आहे, उदाहरणे चालवून पाहता येतात, आणि स्वतःच्या प्रणालीतले दोष झाकण्याची वृत्ती तिच्यात नाही. म्हणूनच तिच्यातला एखादा पाठ चुकीची सवय लावत असेल तर त्याची दखल घ्यायला हवी. विद्यार्थी पाठातले नियम विसरतात, पण पहिले उदाहरण सहसा विसरत नाहीत.

पाठ तक्त्यांच्या वारशाविषयी आहे. कल्पना अशी. 'शहरे' नावाचा एक तक्ता करायचा. त्यात नाव, लोकसंख्या आणि समुद्रसपाटीपासूनची उंची असे रकाने. मग 'राजधान्या' नावाचा दुसरा तक्ता करायचा आणि संगणकाला सांगायचे की हा पहिल्याचा वारस आहे. वारसाला मूळ तक्त्याचे सगळे रकाने आपोआप मिळतात, शिवाय त्याचा स्वतःचा एक रकाना असतो, तो म्हणजे राज्य. अमेरिकेतले मॅडिसन हे विस्कॉन्सिन राज्याची राजधानी, म्हणून त्याची ओळ 'राजधान्या' या तक्त्यात जाते. लास वेगास आणि मॅरिपोसा राजधान्या नाहीत, म्हणून त्यांच्या ओळी 'शहरे' या तक्त्यात. आता पाचशे फुटांहून उंच शहरे कोणती असे 'शहरे' या तक्त्याला विचारले की तिन्ही नावे येतात, कारण राजधान्या हीही शहरेच आहेत. 'फक्त' असा शब्द घालून विचारले तर मॅडिसन वगळले जाते.

वाचताना हे अगदी पटते. राजधानी हे एक प्रकारचे शहर आहे, जसे वटवाघूळ हा एक प्रकारचा सस्तन प्राणी आहे. वर्गीकरण शिकवण्यात ज्यांची हयात गेली त्या आपल्यासारख्यांना तर हे लगेच आपले वाटते. गोम इथेच आहे. वटवाघूळ जन्मभर सस्तनच राहते. शहर मात्र राजधानी होते, राजधानी असण्याचे थांबते, एका वेळी दोन राज्यांची राजधानी असते, किंवा वर्षातले काही महिनेच राजधानी असते. राजधानी हा शहराचा प्रकार नाही, ते त्याच्याकडे असलेले पद आहे. एखादे शिक्षक मुख्याध्यापक झाले म्हणून आपण त्यांचे नाव मस्टरवरून खोडून 'वेगळ्या जातीचे प्राणी' अशा वहीत लिहीत नाही.

पुस्तिकेतला हा तक्ता आपल्या देशातली शहरे भरून तपासावा. पाठात अशी अट घातली आहे की 'राज्य' हा रकाना रिकामा ठेवता येणार नाही, आणि एका राज्याचे नाव दोनदा येता कामा नये. अट रास्त वाटते. पहिले नाव चंदीगड घेऊ. १९६६ साली पंजाब आणि हरियाणा वेगळे झाले तेव्हापासून हे शहर दोन्ही राज्यांची राजधानी आहे. राज्याचा रकाना एकच, म्हणून चंदीगडच्या दोन ओळी कराव्या लागतात, एक पंजाबसाठी आणि एक हरियाणासाठी. राज्याचे नाव दोनदा आलेले नाही, त्यामुळे संगणक कुरकुर करत नाही. आता 'शहरे' या तक्त्याला विचारा की सर्व शहरांची एकूण लोकसंख्या किती. २०११ च्या जनगणनेनुसार चंदीगड केंद्रशासित प्रदेशाची लोकसंख्या सुमारे १० लाख ५५ हजार होती. ती बेरजेत दोनदा येईल, म्हणजे दहा लाखांहून अधिक माणसे हवेतून निर्माण होतील. कुठेही चूक झाल्याची सूचना मिळणार नाही. २ जून २०१४ पासून पुढची दहा वर्षे आंध्र आणि तेलंगणाची सामाईक राजधानी असलेल्या हैदराबादचीही त्या काळात हीच गत झाली असती.

दुसरे नाव नागपूर. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत नागपूर ही त्या वेळच्या मध्य प्रदेशाची राजधानी होती. त्या वर्षी १ नोव्हेंबरला राजधानीचा मान भोपाळकडे गेला आणि नागपूर विदर्भासह द्विभाषिक मुंबई राज्यात आले. वारशाच्या मांडणीत एक ओळ एकाच तक्त्यात राहते आणि ती एका तक्त्यातून दुसऱ्यात सरकवण्याची सोय नाही. म्हणून नागपूरची ओळ 'राजधान्या' या तक्त्यातून पुसायची आणि 'शहरे' या तक्त्यात नव्याने लिहायची. प्रत्यक्षात शहर जागचे हलले नाही, त्याची उंची बदलली नाही, तरी आपल्या दप्तरात ते एकदा नाहीसे होऊन पुन्हा जन्मले. नागपूर पूर्वी राजधानी होते ही गोष्ट तर आता कुठेच उरली नाही. १९५३ च्या नागपूर कराराला अनुसरून महाराष्ट्र विधिमंडळाचे एक अधिवेशन तिथे भरते आणि त्याला उपराजधानी म्हणतात, ते या तक्त्यात कुठे लिहायचे हा प्रश्न वेगळाच.

तिसरे नाव जम्मू. उन्हाळ्यात श्रीनगर आणि हिवाळ्यात जम्मू या तिथल्या प्रथेप्रमाणे दोन्ही नावे भरायला गेलो तर 'एका राज्याचे नाव एकदाच' ही अट आडवी येते आणि संगणक दुसरी ओळ नाकारतो. म्हणजे एकाच पाठातला एकच तक्ता तीन शहरांपाशी तीन वेगवेगळ्या तऱ्हांनी मोडतो. एकदा गुपचूप चुकीची बेरीज देतो, एकदा इतिहास पुसतो, आणि एकदा खरी माहिती घ्यायलाच नकार देतो. यातला तिसरा दोष मी सर्वांत सौम्य समजतो, कारण तो निदान ओरडून सांगतो. 'राज्य' रकान्यावरची अट काढून टाकली तर तो दूरही होतो. पहिले दोन मात्र मांडणीतच रुजलेले आहेत.

आता हेच जनरल रजिस्टरच्या रीतीने करून पाहू. 'शहरे' या तक्त्यात प्रत्येक शहराची एकच ओळ आणि तिला क्रमांक. 'राज्ये' या तक्त्यात प्रत्येक राज्याची एक ओळ आणि क्रमांक. तिसरा तक्ता 'राजधानीपद'. त्यात फक्त चार रकाने: शहर क्रमांक, राज्य क्रमांक, केव्हापासून, केव्हापर्यंत. चंदीगडच्या या तिसऱ्या तक्त्यात दोन ओळी होतील, पण 'शहरे' या तक्त्यात एकच राहील, त्यामुळे लोकसंख्येची बेरीज बरोबर येईल. नागपूरच्या ओळीत 'केव्हापर्यंत' या रकान्यात १९५६ ची तारीख पडेल, बाकी काही बदलणार नाही. जम्मू आणि श्रीनगरसाठी 'ऋतू' हा आणखी एक रकाना जोडला की झाले. राजधान्यांची नावे आणि लोकसंख्या एकत्र हवी असतील तर क्रमांकावरून जोड करायची.

जोडीच्या रीतीत धोके नाहीत असे नाही. शहरे आणि राजधानीपद यांची जोड करून मग लोकसंख्येची बेरीज घेतली तर चंदीगड इथेही दोनदा मोजले जाईल. नवशिके ही चूक हमखास करतात. फरक असा की इथे चूक प्रश्नात आहे, साठ्यात नाही. प्रश्न सुधारला की उत्तर सुधारते. वारशाच्या तक्त्यात खुद्द साठ्यातच दोन चंदीगड आहेत, आणि ती दोन शहरे आहेत की एकच, हे पाहणाऱ्याने बाहेरून माहीत करून घ्यायचे. जोडीसाठी प्रश्न लांब लिहावा लागतो, एका शहराची माहिती भरताना दोन तक्त्यांना हात लावावा लागतो, हेही खरे. रजिस्टर क्रमांक प्रत्येक वहीत लिहिण्याचा कंटाळा आपल्यालाही येतोच.

पाठाच्या मांडणीत मला सर्वांत खटकते ते पुढे आहे. वारसा चांगला हे पटवण्यासाठी लेखकांनी आधी एक पर्यायी रीत दाखवली आहे. 'राजधान्या' आणि 'राजधानी नसलेली शहरे' असे दोन अलग तक्ते करायचे आणि दोन्हींची यादी एकाखाली एक चिकटवून 'शहरे' असे एक दृश्य तयार करायचे. मग म्हणायचे की यात बदल करणे गैरसोयीचे होते, त्यापेक्षा वारसा बरा. हे खरेच आहे. पण तुलना चुकीच्या प्रतिस्पर्ध्याशी झाली. कुस्तीत अशक्त गडी समोर उभा करून आपला मल्ल विजयी ठरवण्यासारखा हा प्रकार आहे. खरा प्रतिस्पर्धी जोड, आणि जोड तर याच पुस्तिकेने आधीच्या प्रकरणात हवामान आणि शहरे यांच्या तक्त्यांवर छान शिकवली आहे. वारशाच्या पाठात तिचे नाव निघत नाही.

त्याहून गमतीची गोष्ट त्याच प्रकरणात तीन पाठ मागे आहे. तिथे परकीय किल्ली, म्हणजे फॉरेन की, शिकवली आहे. जनरल रजिस्टरमध्ये नसलेला क्रमांक हजेरीपटात लिहू द्यायचा नाही, अशी ती अट. उदाहरण पुन्हा शहरांचेच आहे: 'शहरे' या तक्त्यात नसलेल्या शहराचे हवामान नोंदवू द्यायचे नाही. विद्यार्थी हे शिकतो आणि पुढे वारशाच्या पाठात पोचतो. आता त्याने नव्या 'शहरे' तक्त्यावर नुकतीच शिकलेली अट लावून मॅडिसनचे हवामान नोंदवायचा प्रयत्न केला तर संगणक सांगेल की असे शहर नाही. कारण परकीय किल्ली फक्त मूळ तक्त्यात पाहते, वारसांच्या तक्त्यांत डोकावत नाही. यादी मागितली तर मॅडिसन शहर आहे, आणि हवामान नोंदवायला गेले तर नाही. नाव एकदाच यावे ही अटसुद्धा प्रत्येक तक्त्यापुरतीच चालते, म्हणून तेच नाव शहरांत एकदा आणि राजधान्यांत पुन्हा एकदा खुशाल लिहिता येते. पाठाच्या शेवटी एका टिपेत हे प्रामाणिकपणे कबूल केले आहे, आणि त्यामुळे वारशाची उपयुक्तता मर्यादित होते असेही म्हटले आहे. ज्या उणिवेने पाठातले उदाहरणच कोसळते ती टिपेत जाते, आणि उदाहरण तसेच उभे राहते. शिक्षक म्हणून मला हे पटत नाही.

वारशाची ही कल्पना आली कुठून? त्यासाठी थोडे मागे जावे लागेल. १९६० च्या दशकात मोठे माहितीसाठे झाडाच्या आकारात ठेवले जात. अपोलो चांद्रमोहिमेच्या यानातील असंख्य सुट्या भागांचा हिशेब ठेवण्यासाठी आयबीएमने भागीदारांबरोबर जी प्रणाली बांधली ती याच पद्धतीची होती. यान, त्याचे विभाग, विभागांचे भाग, त्यांचे स्क्रू अशी फांद्यांची उतरंड. स्क्रू शोधायचा तर खोडापासून फांदीफांदीने खाली यायचे. वाट ठाऊक नसेल तर माहिती असूनही मिळत नसे, आणि वाट बदलली की तिच्यावर बेतलेले सारे प्रोग्रॅम अडत.

१९७० साली आयबीएमच्याच सॅन होजे येथील प्रयोगशाळेतील एडगर कॉड या मूळच्या ब्रिटिश संशोधकाने एका लेखात सुचवले की झाड नकोच. सगळी माहिती सपाट तक्त्यांत ठेवा आणि तक्त्यांमधील संबंध ओळींतल्या मूल्यांवरूनच ठरू द्या. वाट आधी आखून ठेवायची गरज नाही, ज्याला जी जोड हवी ती त्याने ऐन वेळी करावी. गणितातील संच आणि संबंध या कल्पनांवर हे उभे होते. १९८१ साली कॉड यांना या कामासाठी ट्यूरिंग पुरस्कार मिळाला.

कॉड यांची कल्पना प्रत्यक्षात उतरवणाऱ्यांमध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील मायकेल स्टोनब्रेकर हे अग्रणी होते. १९७० च्या दशकातली त्यांची प्रणाली इंग्रेस, आणि १९८६ मध्ये मांडलेली तिची पुढची पिढी पोस्टग्रेस. त्या वेळी अभियांत्रिकी आराखडे, नकाशे अशी गुंतागुंतीची माहिती साठवायची निकड होती आणि साधे तक्ते तिला अपुरे पडत होते. प्रोग्रॅमिंगच्या भाषांमध्ये वस्तूंचे वर्ग आणि वर्गांचा वारसा यांची चलती सुरू झाली होती. तो वारसा तक्त्यांना द्यावा असे वाटणे साहजिक होते. स्टोनब्रेकर यांना २०१४ चा ट्यूरिंग पुरस्कार मिळाला तो डेटाबेसमधील एकूण कामगिरीबद्दल, आणि तो सर्वस्वी योग्य होता. पण कॉड यांनी ज्या झाडाला निरोप दिला होता ते या एका सोयीतून मागच्या दाराने घरात आले असे मला वाटते.

ख्रिस डेट आणि ह्यू डार्वेन या दोघांनी १९९० च्या दशकात याहून कडक टीका केली. प्रोग्रॅमिंगमधला वर्ग म्हणजे डेटाबेसमधला तक्ता असे समीकरण मांडणे हीच त्यांच्या मते पहिली घोडचूक. वर्गाची बरोबरी करायची तर ती रकान्यात कोणत्या जातीची मूल्ये येतात त्या जातीशी करावी, तक्त्याशी नव्हे. मला त्यांचा सूर थोडा कर्मठ वाटतो, पण निदान बरोबर आहे. तक्ता हा वस्तूंचा प्रकार नसतो. तो विधानांचा संग्रह असतो. 'अमुक शहर अमुक तारखेपासून अमुक राज्याची राजधानी आहे' हे एक विधान, म्हणजे एक ओळ.

वारशाच्या मांडणीचा डळमळीतपणा आणखी एका गोष्टीतून दिसतो. सुरुवातीच्या पोस्टग्रेसमध्ये नुसते 'शहरे' म्हटले तर फक्त त्याच तक्त्यातल्या ओळी मिळत, वारसही हवे असतील तर नावापुढे तारका लावावी लागे. २००१ सालच्या ७.१ या आवृत्तीपासून हे उलटे झाले. नुसते नाव म्हटले की वारसांसकट, आणि वारस नको असतील तर 'फक्त'. म्हणजे तोच प्रश्न, तीच माहिती, पण उत्तर वेगळे.

वारसा शोभतो अशीही जागा आहे. पावसाच्या दैनंदिन नोंदी वर्षानुवर्षे साठत गेल्या की तक्ता अवाढव्य होतो. मग दर वर्षाचा एक वारस तक्ता करायचा. २००५ च्या जुलैतली नोंद काही झाले तरी २००६ च्या तक्त्यात जाणार नाही आणि एकच नोंद दोन वर्षांत बसणार नाही. प्रकार पक्के आणि परस्परांपासून पूर्ण वेगळे. २००५ मध्ये आलेल्या ८.१ या आवृत्तीपासून पोस्टग्रेस नको असलेल्या वर्षांचे तक्ते चाळणेही टाळू लागले, आणि वारशाचा खरा उपयोग पुष्कळांनी याच कामासाठी केला. २०१७ च्या दहाव्या आवृत्तीत या विभागणीसाठी स्वतंत्र सोय आली. त्यानंतर वारशाचे सर्वांत चांगले काम वारशाकडून गेले असेच म्हणावे लागेल. पुस्तिकेतल्या पाठात शहरे तशीच आहेत.

शाळेसाठी प्रोग्रॅम लिहिणाऱ्या विद्यार्थ्याच्या हाती हा पाठ पडला तर काय होते? तो 'विद्यार्थी' हा मूळ तक्ता करतो, आणि 'वसतिगृहातील विद्यार्थी' व 'शिष्यवृत्तीधारक विद्यार्थी' हे दोन वारस. एखादी मुलगी वसतिगृहातही राहते आणि तिला शिष्यवृत्तीही आहे. ती दोन्ही तक्त्यांत जाते आणि पटावर दोनदा मोजली जाते. हे टाळण्यासाठी दोघांचा मिळून तिसरा वारस करता येतो, पोस्टग्रेसमध्ये एका तक्त्याला दोन पूर्वज चालतात. मग बसचा पास असलेले विद्यार्थी आले. दोन विशेषांना तीन वारस तक्ते पुरत होते, तीन विशेषांना सात लागतात, चारांना पंधरा, पाचांना एकतीस. संचाचे उपसंच शिकवणाऱ्या शिक्षकांना हे अंक ओळखीचे वाटतील. पटावर किती मुले यावर शिक्षकांची पदे ठरतात, तेव्हा दोनदा मोजलेली मुलगी ही केवळ तांत्रिक बाब राहत नाही. शिवाय तिची शिष्यवृत्ती संपली की तिला एका तक्त्यातून पुसून दुसऱ्यात नव्याने जन्माला घालायचे, आणि तिच्या परीक्षेच्या गुणांची ओळ जुन्या जागेकडे बोट दाखवत राहणार.

ज्यांच्या कनिष्ठ महाविद्यालयात किंवा शाळेत संगणक आहे त्यांनी एक तास यासाठी द्यावा. पुस्तिकेतला वारशाचा पाठ जसाच्या तसा चालवू द्यावा, मुलांना आवडेल. मग फळ्यावर चंदीगड, नागपूर, श्रीनगर आणि जम्मू ही नावे लिहून ती त्याच तक्त्यांत भरायला सांगावी, आणि एकूण लोकसंख्या काढायला लावावी. बेरीज कागदावरही करून पाहायला सांगावी, नाहीतर संगणकाने दिली म्हणून बरोबर असे समजून मुले पुढे जातात. जनरल रजिस्टर कचेरीतून वर्गात आणता आले तर तेही त्या दिवशी टेबलावर ठेवावे.